माफीचा धनी

‘झालं गेलं गंगेला मिळालं’ असं आपण म्हणतो आणि बहुतेक वेळा भल्यासाठीच म्हणतो. भावाभावांतला बांधाचा वाद मिटवताना, सोयरिकीत आलेलं वितुष्ट निवळवताना मध्यस्थाच्या तोंडी हेच वाक्य असतं. पण ते कोण म्हणतंय यावर त्याचं सगळं मोल ठरतं. ज्याचं नुकसान झालं तो म्हणाला तर तो मनाचा मोठेपणा. ज्यानं नुकसान केलं तो म्हणाला तर शिरजोरी. आणि तिसराच म्हणाला तर? बहुतेकदा तिसराच म्हणतो. त्याचं स्वतःचं काही गेलेलं नसतं, तरी दुसऱ्याच्या हक्कावर तो परस्पर पाणी सोडतो. अन्याय आणि त्याची भरपाई यांविषयी इस्लामी परंपरेनं जो विचार केला आहे, त्यात या तिसऱ्याला फारच थोडी जागा आहे. इतकी थोडी, की अल्लाहनंही ही माफी परस्पर देऊन टाकावी असं तिथं सहसा गृहीत धरलं जात नाही.

माणसाच्या डोक्यावरचे हक्क तिथं दोन प्रकारचे मानले जातात. एक अल्लाहचे, दुसरे बंद्यांचे, म्हणजे माणसांचे. त्यांनाच आपल्याकडचे मौलवी ‘हुकूकुल इबाद’ म्हणतात. नमाज चुकली, रोजा मोडला, तर तौबा, म्हणजे पश्चात्तापानं परतणं, आणि ठरलेली भरपाई हा मामला बंदा आणि अल्लाह यांच्यातला. अशा गुन्ह्याच्या तौबेसाठी तेराव्या शतकातले इमाम नववी तीन अटी सांगतात: ते कृत्य थांबवणं, त्याचा पश्चात्ताप होणं आणि पुन्हा न करण्याचा निश्चय. गुन्हा माणसाविरुद्धचा असेल तर मात्र चौथी अट येते: ज्याचं घेतलं त्याला ते परत करणं, नाहीतर त्याच्याकडून माफी मिळवणं. ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहातली मुफलिसाची, म्हणजे दिवाळखोराची, हदीस याच वळणाची आहे. कयामतीच्या दिवशी एक जण नमाज, रोजे, जकात अशी भरभक्कम पुण्याई घेऊन येतो. पण त्यानं कुणाला शिवी दिलेली असते, कुणाचा माल खाल्लेला असतो, कुणाला मारलेलं असतं. ती माणसं एकेक करून त्याची पुण्याई घेऊन जातात, आणि ती संपल्यावर त्यांची पापं त्याच्या माथी येतात. शहिदाचे सगळे गुन्हे माफ होतात, कर्ज तेवढं राहतं, असंही त्याच संग्रहात आहे. धर्मासाठी जीव दिला तरी शेजाऱ्याचे पैसे फिटत नाहीत, इतकी ही रोखठोक भूमिका आहे.

यावर आक्षेप सुचतो तो असा, की ही तर जमाखर्चाची वही झाली. यात अंतःकरण कुठं आहे? आक्षेप हलका नाही. पण मला हा हिशेबीपणाच या विचारातली सर्वांत माणुसकीची गोष्ट वाटते. नुसतं अंतःकरण पुरतं असं मानलं, की अन्याय करणारा स्वतःच्या पश्चात्तापातच रमतो. आपण किती हळहळलो याकडे त्याचं लक्ष लागतं आणि ज्याला लुबाडलं तो बाजूला राहतो. इमाम गझाली, ज्यांचं निधन 1111 मध्ये झालं, ‘इह्या’ या ग्रंथातल्या तौबेच्या प्रकरणात सांगतात, की माणसानं अगदी कणाकणाचा हिशेब मांडावा, ज्यांचं देणं लागतो त्यांची नावं एकेक करून लिहावीत आणि त्यांना शोधत हिंडावं. व्यापाऱ्यांना हे जड जाणार हेही ते ओळखून आहेत, कारण आयुष्यभरातली सगळी गिऱ्हाइकं सापडायची कशी? मग त्यावर उपाय, की सत्कृत्यं इतकी करावीत की मागणारे आले तरी ती पुरून उरावीत. हजला निघताना कर्ज फेडून, घरोघर जाऊन ‘कहासुना माफ करा’ म्हणण्याची जी रीत आहे, तिच्या मुळाशी हीच यादी आहे.

कर्जाचा विषय निघाला की तो आवरत नाही. बुखारींच्या हदीससंग्रहात एक प्रसंग आहे. जनाजा आणला जातो. याच्यावर कर्ज आहे का, असं पैगंबर विचारतात. आहे, तीन दीनार. मागे काही ठेवलंय? नाही. तेव्हा ते म्हणतात, तुमच्या साथीदाराची नमाज तुम्हीच पढा. पैगंबरांचे एक साथीदार अबू कतादा पुढे होऊन कर्ज आपल्या अंगावर घेतात, तेव्हा कुठं पैगंबर नमाजला उभे राहतात. पुढे मुसलमानांच्या हाती संपत्ती आल्यावर, जो कर्ज ठेवून मरेल त्याचं मी फेडीन, असंही त्यांनी जाहीर केलं. आजही जनाजाच्या नमाजेआधी मयताचा मुलगा किंवा भाऊ पुढे येऊन सांगतो, की यांच्याकडे कुणाचं येणं असेल तर आम्हाला भेटा. म्हणजे पैशापुरती तिसऱ्याला वाट आहे: फेडता येतं. फेडणं आणि माफ करणं यांतला हा फरक महत्त्वाचा. आणि इथंच मेहर आठवते. मेहर म्हणजे निकाहात ठरलेलं, नवऱ्यानं बायकोला द्यायचं देणं, इतर कर्जासारखंच. ते हयातीत न देता, मयत घरात असताना तिला ‘मेहर माफ कर’ म्हणायला लावण्याची चाल या देशात अनेक ठिकाणी आहे. कुराणाच्या चौथ्या सूरेत बायकोनं मेहरीतला काही भाग स्वखुशीनं सोडण्याची मुभा आहे. स्वखुशी ही अट शब्दांतच आहे. मयताभोवती बसलेल्या बायका, दारात खोळंबलेली माणसं, आणि ‘त्याला मोकळं कर’ हा आग्रह. तिथं ‘नाही’ म्हणायला तिला जागा किती उरते? अनेक आलिमांनी या चालीला नावं ठेवली आहेत, आणि योग्यच ठेवली आहेत. पण माफीचा हक्क ज्याचं गेलं त्याच्याच हाती दिला, की तोच हक्क हिसकावून घेण्याची वाटही उघडते, हे यातून दिसतं.

मग वाटतं, यावर निदान गझालींकडे उत्तर असेल. ज्याच्याकडे माफी मागायची तो नकार देत असेल तर त्याच्याशी चांगलं वागत राहावं, त्याच्या कामी पडावं, म्हणजे त्याचं मन वळेल, असं ते म्हणतात. आणि नाहीच वळलं तर हे चांगलं वागणं सत्कृत्यांत धरलं जाईल. इथं नकाराला जागा आहे, याचं समाधान वाटतं. पण पाठीमागे केलेल्या निंदेचं काय, जिची त्या माणसाला खबरही नाही? सांगितलं तर नवी जखम होते. जुने आलिम हसन बसरी यांच्या नावावर असलेलं मत असं, की त्याच्यासाठी दुआ केली तरी पुरे. नंतरचे आलिम इब्न तैमिया यांचा कलही न सांगण्याकडे आहे. गझाली माफी मागायला हवीच म्हणतात. पण कृत्य उघड केल्यानं त्याला फार दुखावणार असेल तर मोघम मागावी आणि उरलेली बाकी सत्कृत्यांनी भरावी. हे शहाणपणाचं आहे यात शंका नाही. तरी मोघम विचारल्यावर जो ‘माफ’ म्हणतो, त्यानं नेमकं काय सोडलं हे त्याला ठाऊक नसतं. त्या विधवेला आपण काय सोडतेय ते ठाऊक असतं, पण तिला मुभा नसते. एकाकडे माहिती नाही, दुसरीकडे मोकळीक नाही, आणि दोघांच्याही तोंडून एकच शब्द बाहेर पडतो.

याला उत्तर म्हणून कुणी कुराणातली बेचाळिसावी सूरा पुढे करेल: वाईटाच्या बदल्यात तेवढंच वाईट हा हक्क आहे, पण जो माफ करून सलोखा करेल त्याचं इनाम अल्लाहकडे. सक्ती नाही, नुसता गौरव. मीही बराच काळ याच वाक्यावर विसावलो असतो. पण माफ करणाऱ्याचा एवढा गौरव झाला, की न करणाऱ्याकडे लोक कसे पाहतात? जिचा हक्क बुडाला तीच मग कठोर ठरते, आणि बुडवणाऱ्याविषयी कुणी बोलतही नाही. गौरव काढून टाकावा असंही म्हणवत नाही, कारण तो नसता तर कितीतरी घरांतली वैरं पिढ्यान्‌पिढ्या चालली असती. तेव्हा नकाराचा हक्क शाबूत ठेवून माफीची ओढ कशी लावायची, हा प्रश्न मला नववींच्या चौथ्या अटीपेक्षाही अवघड वाटू लागला आहे, आणि ती अट मांडताना तिच्यामागच्या माणसाची मोकळीक त्यांनी गृहीत धरली होती की नाही, हेही आता मला खात्रीनं सांगता येत नाही.