पोळ्याला जन्मलेली

२०२३ च्या जानेवारीतील एका संध्याकाळी, सेंट पॉलच्या रस्त्यांच्या दोन्ही कडांना गुडघाभर बर्फ साचलेले आणि पारा शून्याखाली वीस अंशांवर उतरलेला असताना, एका अपरिचित गृहस्थांनी मला दूरध्वनी केला. दत्तक घेतलेली दोन भावंडे चार दिवसांपूर्वी महाराष्ट्रातून आपल्या घरी आली आहेत, त्यांतील थोरलीचे बोलणे आपणांस उमगत नाही, ती पोटभर जेवतही नाही. तरी आपण येऊन जावे, अशी त्यांची विनंती होती. मिनेसोटात एकतीस वर्षे राहून माझी मराठी केवळ सणावारांपुरती उरली होती. वरणभाताचा डबा घेऊन मी निघाले.

दिवाणखान्यात उत्तम आसने मांडलेली असताना ती तेरा वर्षांची मुलगी दाराजवळच्या जाजमावर, सात वर्षांच्या भावाचा हात मुठीत धरून बसली होती. मराठी कानी पडताच तिने मान वर केली आणि भुकेविषयी, थंडीविषयी वा परक्या देशाविषयी अवाक्षर न काढता पहिला प्रश्न विचारला, “बाई, बारक्याला येगळं झोपवतेत. रातीला रडला तर कुणाला कळंल?”

त्या प्रश्नात पुढील अडीच वर्षांची सारी कथा होती, हे मला त्या रात्री कळले नाही. प्रत्येक मुलाला स्वतंत्र खोली देणे हा त्या दांपत्याच्या दृष्टीने प्रेमाचा पहिला पुरावा होता. बालगृहात पंचवीस मुलींच्या ओळीत निजणाऱ्या तिच्या लेखी मात्र मिटलेले दार आणि रात्रीची निःशब्दता ही शिक्षाच होती. उशीखाली ती ब्रेडचे तुकडे ठेवी, तेही स्वतःसाठी नव्हे.

कागदपत्रांची जाडजूड संचिका मला पुढे वाचावयास मिळाली. बालगृहाचा दाखला, वैद्यकीय तपासणी, दत्तकाचा हुकूम, पारपत्र, सर्व दस्तऐवज यथास्थित होते. या व्यवहाराला आज जी शिस्त आहे तिचा पाया लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली घातला. मूल शक्यतो तीन वर्षांचे होण्यापूर्वी दत्तक जावे, आणि सात वर्षांवरील मुलाची इच्छा विचारात घ्यावी, असे न्यायमूर्ती भगवतींच्या त्या निकालात म्हटले होते. आजच्या नियमांप्रमाणे तर पाच वर्षांवरील मुलाची संमतीच लागते. या मुलीचेही संमतीपत्र संचिकेत होते. ती सही कशी झाली हे तिने मला पुष्कळ दिवसांनी सांगितले. “तुला जायचे आहे का?” असे बालगृहातील ताईंनी विचारले तेव्हा तिने उलट विचारले होते, “बारका चाललाय का?” होकार मिळताच तिने सही केली. कायद्याने तिची इच्छा विचारली होती, आणि तिने दिलेले उत्तर भावाचे होते.

पहिले तीन महिने ती विलक्षण आज्ञाधारक राहिली. पहाटे उठून अंथरुणांच्या घड्या करी, न सांगता भांडी घाशी, कोणी हाक मारली की उभी राही. दत्तक गेलेल्या मुलांचा पाठपुरावा दोन वर्षे करावा लागतो: पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, असे एकूण सहा अहवाल भारतात धाडले जातात. पहिल्या अहवालासाठी आलेल्या समाजसेविकेने मुलगी उत्तम रुळल्याची नोंद केली आणि दुभाषी या नात्याने मीही तिला दुजोरा दिला. वस्तुतः ती रुळली नव्हती. ती नव्या संस्थेत नोकरीला लागल्यासारखी वागत होती. घरातील स्त्रीला ती ‘मावशी’ म्हणे. मावशी म्हणजे आईची बहीण, असे कळल्यावर त्या बाईंचे डोळे भरून आले. बालगृहात मावशी म्हणजे पगारी सांभाळणारी, हे त्यांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

एप्रिलमध्ये धाकट्याला ताप भरला. बाई त्याच्या उशाशी बसल्या, त्याचे डोके त्यांनी मांडीवर घेतले. आणि इतके दिवस ‘हो’वाचून दुसरा शब्द न उच्चारणाऱ्या त्या मुलीने त्यांना ढकलून दिले, भावाला उचलले आणि न्हाणीघरात नेऊन आतून कडी लावली. रात्री अकराला मी पोहोचले तेव्हा गृहस्थ बाहेर जमिनीवर भिंतीला टेकून बसले होते. आतून ती ओरडत होती, “माय गेली तवा तीन वर्साचा हुता त्यो. म्या वाढिवलाय. ही कोण?”

त्या क्षणी मी जे बोलले त्याची खंत मला अजून वाटते. दाराशी तोंड नेऊन मी म्हणाले, “अगं, आता हीच तुमची आई.” आत एकदम शांतता झाली, ती शांतता ओरडण्यापेक्षा भयंकर होती. माझ्या वाक्याने तिच्याजवळचे एकमेव पद, चार वर्षे सांभाळलेले मातृपद, मी परस्पर काढून दुसरीच्या नावे करून टाकले होते.

वाट काढली ती बाईंनी. त्या दाराशी बसल्या आणि मला म्हणाल्या, “तिला विचारा, ताप आला की याला काय आवडते? मला ठाऊक नाही, तिला ठाऊक आहे.” मी तसेच विचारले. बऱ्याच वेळाने आतून उत्तर आले, “प्याज. भाताची. मीठ घालून. अन् कपाळावर वलं फडकं.” बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. प्याज म्हणजे पेज हे मला सांगावे लागले. ती किती पातळ करावी हे दाराआडून ती सांगत गेली आणि मी भाषांतर करीत गेले. पहाटे दोनला कडी निघाली. तिने पेज चाखून पाहिली, मीठ कमी असल्याचे सांगितले आणि भावाला भरवली. त्या दिवसापासून धाकट्याच्या बाबतीतली प्रत्येक लहानमोठी गोष्ट बाई तिला विचारू लागल्या, आणि विचारले जाऊ लागल्यावरच त्यातले थोडेथोडे काम ती आपण होऊन त्यांच्यावर सोपवू लागली.

यानंतर सर्व सुरळीत झाले असे नाही. ऑक्टोबर उजाडेपर्यंत धाकट्याची मराठी विरून गेली. लहान मुलांच्या जिभेवरून भाषा किती त्वरेने उतरते हे पाहून मला धास्ती वाटली. एके दिवशी ताईच्या प्रश्नाला त्याने इंग्रजीत उत्तर दिले, तिने त्याच्या थोबाडीत मारली आणि मग स्वतःच रडत बसली. मायची आठवण सांगावी तर ती समजणारे पृथ्वीच्या पाठीवर हे एकच माणूस होते, आणि त्यालाही आता ती समजेना. बोलण्याचा आणखीही एक काटा होता. पाण्याचा पेला दिला तरी बाई आभार मानीत. आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानणे म्हणजे त्याला परके ठरविणे होय, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितले. सवय पूर्णतः गेली नाही, परंतु मुलीने तिचा अर्थ लावून घेतला.

आणि मग वाढदिवस. कागदोपत्री तिची जन्मतारीख १ जून. शाळेत नाव घालताना जन्माची नोंद नसली की गुरुजी जून महिन्याची पहिली तारीख टाकून मोकळे होतात, आणि महाराष्ट्रात असे एक जूनचे असंख्य लोक आहेत. पहिली दोन वर्षे त्या दिवशी घरात केक आला, दोन्ही वर्षे ती मान खाली घालून बसली. दुसऱ्या वर्षी तिने बाईंना स्वतःच्या मोडक्या इंग्रजीत सांगितले, की ही तारीख माझी नव्हे. मी पोळ्याच्या दिवशी झाले, बैल सजवून गावात फिरवीत होते तेव्हा, असे माय म्हणायची. माय ऊसतोडीच्या टोळीतली, स्वतःचा बैल तिच्या दारी कधी नव्हता. नाव आपल्याला मिळाले ते सरकारकडून, घर मिळाले ते परक्यांकडून. हा दिवस तेवढा मायने दिला, असा त्याचा अर्थ होता.

कागदावरची तारीख बदलण्याच्या खटपटीत ते दांपत्य पडले नाही. श्रावणातली अमावास्या इंग्रजी महिन्याच्या कोणत्या तारखेला येते हे पंचांगात पाहून सांगण्याचे काम त्यांनी माझ्याकडे दिले. २०२५ साली पोळा २२ ऑगस्टला आला, आणि त्याच सुमारास आमच्या राज्याची मोठी जत्रा भरलेली होती. आम्ही पाचही जण तेथील गुरांच्या गोठ्यात गेलो. एका शेतकऱ्याच्या परवानगीने तिने एका तांबड्या वासराच्या कपाळाला हळदीकुंकू लावले; धाकट्याने इंग्रजीत विचारले, हे कशासाठी, आणि तिने मराठीत सांगितले. रात्री माझ्या घरी पुरणपोळ्या झाल्या. बाईंना ती आजही मावशीच म्हणते. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर १ जूनच्या चौकटीत काही लिहिलेले नव्हते. २२ ऑगस्टच्या चौकटीत बाईंनी वळणदार देवनागरीत ‘पोळा’ असे लिहिले होते.