समता कॉलोनी : तयार घ्यावा की जुळवावा?

नागपूरहून पूर्वेकडे निघालेली गाडी गोंदिया मागे टाकते तेव्हा महाराष्ट्र संपत आलेला असतो. थोडा वेळ जंगल आणि डोंगर सोबत करतात. मग डोंगरगडच्या टेकडीवर बमलेश्वरीचे देऊळ दिसते आणि राजनांदगाव, दुर्ग, भिलाई अशी स्थानके घेत गाडी रायपूरला पोहोचते. अंतर सुमारे 300 किलोमीटर. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर-बिलासपूर 'वंदे भारत' सुरू झाल्यापासून तर दुपारचे जेवण नागपुरात आणि संध्याकाळचा चहा रायपुरात, असे सहज जमते.

मराठी माणसाला हे शहर परके वाटत नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून 1854 पर्यंत छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. 1900 साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढून हिंदी पत्रकारितेत नाव मिळवणारे माधवराव सप्रे मराठीच. शहरातल्या तात्यापारा या वस्तीच्या नावातही मराठी खूण आहे आणि चौबे कॉलोनीतले महाराष्ट्र मंडळ 1935 पासून इथल्या मराठी कुटुंबांना एकत्र आणत आले आहे. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड राज्य झाले, रायपूर राजधानी झाले आणि शहराचा नूरच पालटला.

या चौबे कॉलोनीच्या शेजारीच समता कॉलोनी आहे. अग्रसेन चौकातून आत वळले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकाने, दवाखाने, कार्यालये लागतात. अनेक इमारतींत खाली व्यवसाय आणि वर घर. आतल्या गल्ल्या मात्र शांत आहेत. खाटू श्याम मंदिराकडे जाणाऱ्यांची वर्दळ आणि महाराजा अग्रसेन महाविद्यालयातल्या मुलामुलींचे घोळके यांनी वस्तीला दिवसभर जाग असते.

वस्तीचा आणखी एक विशेष म्हणजे आसपासच्या शिक्षणसंस्था. जी. ई. रोडने पश्चिमेकडे गेले की राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था म्हणजे एनआयटी लागते. 1956 मध्ये खाण व धातुशास्त्राचे शासकीय महाविद्यालय म्हणून तिची पायाभरणी झाली आणि 2005 मध्ये तिला आजचा दर्जा मिळाला. त्याच बाजूला सायन्स कॉलेज, 1964 चे पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ आणि 2018 मध्ये सुरू झालेले, रात्रंदिवस उघडे राहणारे नालंदा परिसर हे ग्रंथालय आहे. अशा परिसरात संगणक ही चैन राहत नाही. तो पुस्तकांच्या यादीतच येऊन बसतो.

मात्र मुलांच्या यादीत एक शब्द जास्तीचा असतो : 'गेमिंग'. त्या एका शब्दाने किंमत दुप्पट होते. मग घरात दोन पक्ष पडतात. वडील म्हणतात, "नामांकित कंपनीचा तयार घेऊ, कटकट नको." मुलगा किंवा मुलगी म्हणते, "बाबा, तेवढ्याच पैशांत सुटे भाग आणून याच्या दीडपट चांगला होतो." आणि घरखर्चाची वही सांभाळणारी आई विचारते, "बिघडला तर बघणार कोण?" खरे तर सारा विषय आईच्या या प्रश्नात आहे.

तयार यंत्राची बाजू

तयार संगणक म्हणजे तयार सदनिका. पैसे भरा, किल्ली घ्या, राहायला जा. विंडोजचा अधिकृत परवाना त्यातच मिळतो; एरवी त्यालाच काही हजार रुपये पडतात. बिघाड झाला तर एकाच कंपनीला फोन करायचा. अनेक कंपन्यांचा माणूस घरी येऊन दुरुस्ती करतो. घरात संगणकातले कुणालाच फारसे कळत नसेल, मुलगा परगावी शिकत असेल आणि यंत्र मुख्यतः आई-वडिलांच्या हाती राहणार असेल, तर या निश्चिंतीची किंमत मोजण्यात काहीच गैर नाही.

पण सदनिकेची भिंत पाडून खोली वाढवता येत नाही, तसेच इथेही होते. कमी किमतीच्या तयार डेस्कटॉपमध्ये वीजपुरवठा करणारा भाग, म्हणजे एसएमपीएस, बऱ्याचदा कमी ताकदीचा असतो. पुढे चांगले ग्राफिक्स कार्ड बसवायचे म्हटले तर त्याला जोडायची वायरच निघत नाही. काही कंपन्यांचे मदरबोर्ड आणि एसएमपीएस वेगळ्याच मापाचे असतात, त्यामुळे बाजारातला दुसरा भाग त्यात बसत नाही. हमी बहुधा एका वर्षाची असते. ती वाढवता येते, पण जास्तीचे पैसे भरून.

जुळवलेल्या यंत्राची बाजू

सुटे भाग आणून संगणक जुळवणे म्हणजे प्लॉट घेऊन घर बांधणे. आपल्याकडे मध्यमवर्गीय माणूस घर कसे बांधतो? आधी तळमजला. गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सळ्या सोडलेल्या. धाकट्याला नोकरी लागली की वरचा मजला. नव्या-जुन्या कॉलन्यांमधून अशी टप्प्याटप्प्याने वाढलेली घरे जागोजाग दिसतात. तंग खिशाच्या कुटुंबाने संगणकही असाच उभा करावा.

मुख्य भाग आठच : प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट आणि मॉनिटर. खेळ किती सुरळीत चालेल हे मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर ठरते. म्हणून कॅबिनेटमधल्या भागांसाठी काढून ठेवलेल्या रकमेतला तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के त्यालाच जातात. एवढे पैसे आज नसतील तर पहिल्या टप्प्यात कार्ड घेऊच नये. काही प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची चांगली सोय अंगचीच असते. 2021 मध्ये आलेला 'रायझन 5 5600जी' हे त्याचे ठळक उदाहरण. अशा यंत्रावर 'व्हॅलोरंट'सारखा हलका खेळ चालतो, अभ्यास तर होतोच. वर्षाने, दीड वर्षाने बक्षिसाचे किंवा पहिल्या पगाराचे पैसे आले की कार्ड बसवावे. मात्र त्यासाठी सळ्या आधी सोडलेल्या हव्यात. एसएमपीएस पहिल्याच दिवशी पुरेसा ताकदवान आणि चांगल्या कंपनीचा घ्यावा. रॅमच्या पट्ट्या दोन घ्याव्यात, कारण प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सला एकीपेक्षा दोन पट्ट्यांवर जास्त वेग मिळतो.

हमीचा हिशेबही इथे वेगळा आहे. प्रत्येक भागाची हमी स्वतंत्र असते. प्रोसेसरची तीन वर्षे, ग्राफिक्स कार्डाची बहुधा तीन, एसएसडीची तीन ते पाच, चांगल्या एसएमपीएसची त्याहूनही जास्त. एकत्र धरले तर हे संरक्षण तयार यंत्राहून मोठे भरते. पण बिघाड नेमका कोणत्या भागात आहे, हे आपल्याला शोधावे लागते. तिथेच आईचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

त्याला मधला मार्ग आहे आणि बहुतेक कुटुंबांना तोच मानवतो. भाग आपण निवडायचे, पण गावातल्या एकाच विश्वासू दुकानातून घ्यायचे आणि जुळवून त्याच्याकडूनच घ्यायचे. ऑनलाइन दोन हजार रुपये स्वस्त मिळाले, तरी बंद पडलेला मदरबोर्ड बांधून परगावी पाठवण्यात आणि तो परत येण्याची वाट पाहण्यात परीक्षेचे दिवस निघून जातात. दिल्लीच्या नेहरू प्लेसचा किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा भाव ऐकून मोह होतो खरा, पण बिघाड रायपुरात व्हायचा आणि दुकान हजार किलोमीटरवर, याला स्वस्ताई म्हणत नाहीत. संगणक आणि त्याचे सुटे भाग या दोन्हींवर वस्तू व सेवा कर 18 टक्केच आहे, तेव्हा कराच्या दृष्टीने दोन्ही वाटा सारख्याच.

दिसते तसे नसते

बाजारात सर्वांत जास्त फसवणूक होते ती 'स्वस्त गेमिंग पीसी' या पाटीखाली. काचेची कॅबिनेट, आत रंगीबेरंगी दिवे आणि कागदावर लिहिलेले 'आय-सेव्हन, 16 जीबी'. मुलगा हरखतो, वडिलांना आकडा मोठा वाटतो. पण कितव्या पिढीचा आय-सेव्हन, हे त्या कागदावर नसते. तो तिसऱ्या पिढीचा निघाला तर 2012 चा समजावा. सोबतचे 'जीटी 730' हे कार्ड 2014 चे. अशा आय-सेव्हनपेक्षा 2022 चा साधा बाराव्या पिढीचा आय-थ्री वेगवान आहे. दिवे विकत घ्यायचे असतील तर दिवाळीला माळ स्वस्त पडते.

कार्यालयांतून निघालेले जुने संगणकही खूप विकले जातात. टंकलेखनाला ते ठीक. पण विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे जवळजवळ सारे प्रोसेसर विंडोज 11 च्या अधिकृत यादीत नाहीत. आठवी किंवा पुढची पिढी असेल तरच असे यंत्र बघावे. जुन्या ग्राफिक्स कार्डाचेही तसेच. 2020-21 मध्ये हजारो कार्डे आभासी चलन 'खणण्या'साठी रात्रंदिवस राबवली गेली. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या चलनाची पद्धत बदलली आणि ती कार्डे बाजारात आली. वरून नव्यासारखी दिसली तरी त्यांचे पंखे आणि मेमरी किती झिजली आहे, ते वरून कळत नाही.

आणखी एक गोष्ट. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव झपाट्याने चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रचंड केंद्रे उभारणाऱ्या कंपन्यांनी मेमरीची मागणी वाढवली. त्यामुळे मागच्या वर्षी शेजाऱ्याने केलेला हिशेब यंदा लागू पडेलच असे नाही. ज्या दिवशी घ्यायचे त्याच दिवशी दोन्ही बाजूंचे भाव कागदावर मांडावेत. तयार यंत्र जुन्या भावाच्या रॅमवर बनलेले असेल, तर कधी कधी तेच स्वस्त पडते! जुळवलेल्याच्या रकान्यात मॉनिटर, कळफलक, माऊस, यूपीएस आणि विंडोजचा परवाना विसरू नये. बहुतेक अंदाजपत्रके तिथेच कोलमडतात.

नौतपा, धूळ आणि कूलर

रायपूरचा उन्हाळा विदर्भाच्या उन्हाळ्याचा सख्खा भाऊ. मे महिन्यात पारा अनेकदा 44-45 अंशांवर जातो आणि महिनाअखेरच्या 'नौतपा'च्या नऊ दिवसांचे नाव काढले की माणसे सावली शोधतात. आधीच तापणारे ग्राफिक्स कार्ड अशा खोलीत काय करणार? स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते आणि ऐन डावात खेळ अडखळू लागतो. म्हणून इथे कॅबिनेट समोरून जाळीची आणि हवा खेळती ठेवणारी हवी. समोर सलग काच नको.

दुसरा शत्रू धूळ. रायपूरच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे आहेत. गच्चीवर, खिडकीच्या कठड्यावर बसणारी काळी धूळ ही शहराची जुनी तक्रार आहे. कॅबिनेटची जाळी महिन्यातून एकदा झटकावी.

तिसरी काळजी घरातलीच. उन्हाळ्यात खिडकीला लावलेल्या कूलरचा दमट झोत थेट संगणकावर येऊ देऊ नये. यंत्राला गारवा मिळेल असे वाटते, पण ओलावा आणि धूळ मिळून आत चिखलाचा थर बसतो. पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की प्लग काढावा. ग्राफिक्स कार्ड असलेल्या यंत्राला साधारण 1000 व्हीएचा यूपीएस लागतो. 600 व्हीएचा भर खेळात कमी पडू शकतो.

खेळ आणि त्यापुढे

एवढे सारे केवळ खेळासाठी? आई-वडिलांच्या मनातला हा प्रश्न रास्तच आहे. पण जे यंत्र खेळ नीट चालवते, तेच अभियांत्रिकीची त्रिमितीय रेखाटने, चित्रफितींचे संकलन आणि 'ब्लेंडर'सारख्या मोफत साधनावरचे ॲनिमेशनही चालवते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने बनवलेला 'राजी' हा खेळ 2020 मध्ये जगभर पोहोचला. त्याची नायिका हरवलेल्या भावाला शोधणारी एक भारतीय मुलगी आहे. असे खेळ बनवणारे हातही कधीतरी खेळतच शिकलेले असतात.

सावध राहायचे ते पैसे लावायच्या खेळांपासून. अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये संमत केला. ई-स्पोर्ट्सना मात्र त्याच कायद्याने मान्यता दिली. संगणक घरात आणतानाच त्याची जागा आणि वेळ ठरवावी. तो बंद खोलीत न ठेवता बैठकीत ठेवला, तर अर्धी काळजी मिटते.

आता मूळ प्रश्नाकडे. घरात वर्षभर यंत्राकडे लक्ष देणारे कुणी आहे आणि गावात हमी निभावणारा दुकानदार आहे, तर जुळवून घ्यावा. दोन्हींपैकी एकही नसेल, तर तयार घ्यावा आणि त्यात कमीपणा मानू नये. कोणताही घेतला तरी प्रत्येक भागाचे जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल आणि रिकामी खोकी जपून ठेवावीत. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही पडत नाही.

आणि जुळवायचे ठरलेच, तर दुकानदाराला एक विनंती जरूर करावी : मुलाला किंवा मुलीला शेजारी उभे राहू द्या, दोन स्क्रू तिच्या हातून घट्ट होऊ द्या. संध्याकाळी अग्रसेन चौकातून खोके मांडीवर घेऊन रिक्षाने घरी परतताना आत काय आहे आणि ते कसे चालते, हे तिला ठाऊक असेल. मग "बिघडला तर बघणार कोण?" या आईच्या प्रश्नाला घरातच उत्तर तयार असेल.