सोन्याचे छत आणि दवाखान्याची खाट

आमच्या उर्दू शाळेतल्या नववीच्या मुलांना सध्या तुर्की मालिकांनी वेड लावले आहे. मधल्या सुट्टीत लाकडी पट्ट्यांच्या तलवारी होतात. कुणी एर्तुग्रुल बनतो, कुणी उस्मान. एकदा ऑफ तासाला एका मुलाने मला विचारले, "आपा, सहाशे वर्षांची सल्तनत होती, मग ती गेली कशी? गद्दारांमुळेच ना?"

मालिकेत प्रत्येक पराभवामागे कुणीतरी गद्दार असतोच. खरे उत्तर इतके सोपे नव्हते. "उद्या सांगते," म्हणून मी वेळ मारून नेली.

संध्याकाळी घरी येऊन जुनी टिपणे काढली. त्याच पिशवीत शिक्षक पतपेढीचा कर्जाचा अर्ज होता. थोरल्या लेकीचा निकाह ठरला होता आणि मला पाच लाख हवे होते. लॉन, सजावट, सहाशे माणसांची बिर्याणी. जामीनदारांच्या सह्या झाल्या होत्या, फक्त माझी बाकी होती. कुणी जबरदस्ती केली नव्हती. नणंदेच्या मुलीचे लग्न लॉनवर झाले, मग आपले कमी का दिसावे, हा विचार माझाच होता.

दुसऱ्या दिवशी मुलांना सांगितले, ते इथेही थोडक्यात सांगते.

तेराव्या शतकाच्या अखेरीस अनातोलियातल्या एका लहानशा रियासतीपासून उस्मानी घराण्याची सुरुवात झाली. १४५३ साली एकवीस वर्षांच्या सुलतान मुहम्मद फातेह यांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले. सुलतान सुलेमान यांच्या काळात (१५२०-१५६६) हे राज्य तीन खंडांत पसरले. युरोप त्यांना 'वैभवशाली' म्हणे, त्यांची प्रजा मात्र 'कानुनी', म्हणजे कायदा देणारे, म्हणून ओळखे. वास्तुकार सिनान यांनी त्यांच्यासाठी इस्तंबूलमध्ये सुलेमानिया मशीद बांधली. ती एकटी मशीद नव्हती. तिच्याभोवती मदरसे होते, दवाखाना होता, गरिबांसाठी भटारखाना होता. सुलेमान यांच्या बेगम खुर्रम सुलतान यांनी जेरुसलेममध्ये असाच लंगर वक्फ करून दिला. त्याच्या खर्चासाठी गावांचे उत्पन्न लावून दिले. चार शतकांहून अधिक काळ तिथे गरिबांच्या भांड्यात गरम शोरबा पडत राहिला.

मग उतार कसा लागला? कारणे अनेक होती. १६८३ साली व्हिएन्नाचा वेढा फसला आणि पुढे प्रांत हातचे जाऊ लागले. युरोपात छापखाना आला पंधराव्या शतकात. इस्तंबूलच्या सरकारमान्य छापखान्यातून पहिले तुर्की पुस्तक निघाले १७२९ साली. ज्ञानाच्या बाबतीत इतका उशीर महागात पडतोच.

पण मला स्वतःला थांबायला लावले ते दोल्माबाचे महालाने. एकोणिसाव्या शतकात तिजोरी खालावलेली असताना सुलतान अब्दुल मजीद यांनी बोस्फरसच्या काठी युरोपीय धर्तीचा नवा महाल बांधला. तो १८५६ साली पूर्ण झाला. २८५ खोल्या, आणि छताच्या मुलाम्याला सुमारे चौदा टन सोने लागले, असे सांगतात. जुन्या तोपकापी महालात राहता येत नव्हते असे नाही, पण युरोपच्या राजांपुढे आपण कमी दिसू नये, हा हट्ट होता. त्याच सुमारास, १८५४ साली, क्रिमियाच्या युद्धासाठी सल्तनतीने पहिले परदेशी कर्ज काढले. मग जुन्या कर्जाचे व्याज भागवायला नवे कर्ज. १८७५ मध्ये हप्ते भरणे अशक्य झाले आणि १८८१ मध्ये परदेशी सावकारांचे मंडळच इस्तंबूलमध्ये येऊन बसले. मिठाचा, तंबाखूचा, रेशमाचा महसूल ते थेट वसूल करू लागले. तख्तावर सुलतान होते, पण घरातल्या मिठाची कमाईही त्यांच्या हातात राहिली नव्हती.

पहिल्या महायुद्धातल्या पराभवाने उरलेसुरले संपले. १९२२ मध्ये सल्तनत बरखास्त झाली आणि ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत. जिच्यासाठी आपल्या इथे अली बंधू आणि गांधीजी यांनी मोठी चळवळ उभारली होती, तीच ही खिलाफत. शेवटचे खलिफा अब्दुल मजीद दुसरे यांना त्याच दोल्माबाचे महालातून रातोरात बाहेर काढून देशाबाहेर पाठवण्यात आले. पुढे परदेशात त्यांचे घर हैदराबादच्या निजामांनी पाठवलेल्या तनख्यावर चालले.

वर्ग शांत झाला. मग त्याच मुलाने विचारले, "आपा, मग उरले काय?"

मी म्हटले, "तुमची आपा उरली."

मुले हसली, पण मी खरेच सांगत होते. माझ्या अम्मीचे माहेर हैदराबादचे. मी पोटात असताना तिची तब्येत नाजूक होती. माझा जन्म झाला निलोफर दवाखान्यात. ज्यांचे नाव त्या दवाखान्याला आहे, त्या शहजादी निलोफर सुलतान मुराद पाचवे यांची पणती. आठ वर्षांच्या असताना घराण्याबरोबर देशाबाहेर गेल्या. १९३१ साली निजामांचे धाकटे पुत्र मुअज्जम जाह यांच्याशी त्यांचा निकाह झाला. त्यांना मूल झाले नाही. त्यांची एक दासी बाळंतपणात दवापाण्याअभावी दगावली आणि ते त्यांच्या मनाला फार लागले. त्यांच्या आग्रहातून बायका-मुलांसाठी दवाखाना उभा राहिला आणि १९५३ साली सुरू झाला. स्वतःची मांडी रिकामी राहिलेल्या त्या बाईच्या नावाच्या छताखाली लाखो लेकरांनी पहिला श्वास घेतला. त्यातली एक मी.

त्या रात्री अर्ज पुन्हा हातात घेतला. पाच वर्षांचे हप्ते, आणि त्याच पाच वर्षांत धाकटीचे कॉलेज. लेकीला जवळ बसवून सगळा हिशेब दाखवला. ती म्हणाली, "अम्मी, मला लॉन नकोच होते. तुम्हाला हवे आहे असे वाटले म्हणून गप्प होते."

निकाह मशिदीत झाला. आमच्याकडे जेवायला ऐंशी माणसे होती. सगळे गोड झाले असे सांगणार नाही. नणंदबाई जेवल्या नाहीत आणि अजूनही फोन उचलत नाहीत. जमातीत कुणीतरी म्हणालेच, "दोघांचा पगार, तरी एवढी कंजुषी!" ते ऐकून रात्री झोप लागली नाही, हे कबूल करते.

पण गेल्या महिन्यात धाकटीची फी भरली, ती स्वतःच्या पैशांतून. पावती हातात घेताना मला दोल्माबाचेचे छत आठवले आणि हैदराबादच्या दवाखान्यातली ती खाटही. अल्लाह आपल्या घरांना दिखाव्यापासून वाचवो आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असे काही आपल्या हातून घडवो. आमीन.