उन्हातली नोकरी

जयनगरचे ऊन गाळून येते. आधी पर्जन्यवृक्षाच्या मांडवातून, मग सोनमोहराच्या बारीक पानांतून, आणि उरलेसुरले कुणाच्या तरी परसातल्या नारळाच्या झावळ्यांतून. 1948 साली, सी. राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल असताना त्यांच्या हस्ते बंगळुरूतल्या या वसाहतीची कोनशिला बसली. आखीव क्रॉस, रुंद मेन रोड आणि दुतर्फा झाडे हे तिचे रूप अजून बरेचसे टिकून आहे. भर एप्रिलमध्ये फोर्थ ब्लॉकात भाजी आणायला गेले तरी छत्री उघडावी लागत नाही. सावली ही इथली खरी श्रीमंती. अशा वस्तीत माझी भाची उन्हातली नोकरी शोधायला आली.

बेळगावहून आली, विद्युत अभियांत्रिकीची पदवी आणि ताईने बांधून दिलेला कुंदा घेऊन. तिच्या बरोबरीच्या बहुतेकांनी सॉफ्टवेअरची वाट धरली होती. बंगळुरूत ती वाट इतकी मळलेली आहे की दुसरी असेल असे कुणाच्या मनातही येत नाही. हिने घरांच्या गच्च्यांवर सौर पॅनेल बसवणारी एक लहानशी कंपनी निवडली. ताईचा त्याच रात्री फोन आला. "इंजिनिअर होऊन शेवटी शिडीच चढायची होती, तर एवढं शिकवलं कशाला गं?" मी काय सांगणार? मलाही उत्तर ठाऊक नव्हते.

ते हळूहळू गच्चीवरच कळत गेले. खालचे जयनगर झाडांचे, तसे वरचे टाक्यांचे. घरोघरी उंचावर गार पाण्याची काळी टाकी, तिच्या पायाशी सौर बंबाची आडवी चकचकीत टाकी आणि तिच्याखाली दक्षिणेकडे तोंड करून तिरक्या मांडलेल्या नळ्या. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढते, गार पाणी त्याच्या जागी उतरते. मोटर लागत नाही की पंप लागत नाही. 2007 साली कर्नाटक सरकारने ठराविक आकाराच्या नव्या इमारतींना हे बंब सक्तीचे केले. इथली वीज कंपनी बेसकॉम हिच्या बिलातही त्यासाठी युनिटमागे 50 पैसे, महिन्याला जास्तीत जास्त 50 रुपये अशी सवलत मिळत आली. रक्कम चहापाण्याची, पण त्या धोरणाने शहराच्या माथ्यावर एक नवा उद्योग वसवला. बोअरवेलच्या जड पाण्याचे क्षार नळ्यांत साचतात, आंघोळीचे पाणी कोमट यायला लागते, आणि मग क्षार खरवडणाऱ्या माणसाची आठवण होते. फुकटच्या उन्हावर कितीतरी घरे चालतात, ती अशी.

भाचीचे पहिले काम सावली वाचण्याचे होते. सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत गच्चीवर कुठली सावली कुठून कुठे सरकते, याचा नकाशा. पॅनेल ओळीने जोडलेली असतात. एकाच्या कोपऱ्यावर झावळीची सावली पडली तरी साऱ्या ओळीचे उत्पादन घटू शकते. जुन्या बैठ्या घराशेजारी चार मजली इमारत उठली की खालच्याच्या वाटचे ऊनही कमी होते. "मावशी, तुमच्या जयनगरात काम करणं अवघड आहे बघ," ती म्हणायची, "झाड तोडा म्हणवत नाही आणि सावली परवडत नाही." मग कधी पॅनेल दोन हात उंच उचलायची, कधी निम्म्या गच्चीवरच समाधान मानायचे.

तिच्यामुळे मला आकाशही नव्याने कळले. बंगळुरू साधारण तेरा अक्षांशांवर आहे. म्हणून 24 एप्रिल आणि 18 ऑगस्टच्या सुमारास भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात तो माध्यान्हीला आपल्या उत्तरेला असतो. तरी पॅनेल दक्षिणेकडेच कलते ठेवायचे, कारण वर्षाची बेरीज त्या बाजूने भरते. आणि पॅनेलला हवा असतो उजेड. उष्णता त्याला मानवत नाही. पंचवीस अंशांच्या वर तापले की दर अंशाला त्याची ताकद थोडी थोडी उतरते. बंगळुरूची गार हवा माणसांइतकीच त्यालाही सोसते.

शेजारच्या जे. पी. नगरात सेल्को या सौर कंपनीचे कार्यालय आहे. तिचे संस्थापक हरीश हंदे आयआयटी खरगपूरला ऊर्जा अभियांत्रिकी शिकले आणि डॉक्टरेटसाठी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला गेले. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये गरीब कुटुंबे सौरदिव्यासाठी स्वतःच्या खिशातले पैसे मोजताना त्यांनी पाहिली आणि संशोधनाची दिशाच बदलली. 1995 साली नेव्हिल विल्यम्स यांच्याबरोबर त्यांनी सेल्को सुरू केली. 2011 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांना उमगलेली गोष्ट तंत्राइतकीच व्यवहाराची होती: रोजचे दहा रुपये देऊ शकणाऱ्या हातगाडीवाल्याला महिन्याचे तीनशे एकदम जड जातात. म्हणून दिव्याआधी हप्ता जुळवायचा, आणि त्यासाठी बँकेच्या मॅनेजरला पटवायचे.

इथे मला या क्षेत्राची नाडी सापडली. कोळशाच्या वीजकेंद्रात पैसा रोज जळत राहतो. सूर्य आणि वारा बिल पाठवत नाहीत. त्यामुळे जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी दारात उभा राहतो आणि पुढची पंचवीस वर्षे उरते ती राखण. म्हणजे आधी लागतो कर्ज देणारा, जागा पारखणारा, आराखडा काढणारा, नेट मीटरसाठी वीज कंपनीचे उंबरे झिजवणारा. मागाहून लागतो तो शिडी चढणारा. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्कीच्या मनोऱ्यात चढणारा तंत्रज्ञ त्याचाच भाऊबंद. इंधन फुकट आहे, म्हणूनच माणसाची किंमत आहे.

हे सूत्र सगळीकडे सारखे लागू पडत नाही, हे भाचीला पावगडला दिसले. तुमकूर जिल्ह्यातल्या त्या दुष्काळी तालुक्यात सुमारे 13,000 एकरांवर 2,050 मेगावॉटचा सौरपार्क पसरला आहे. जमीन विकत न घेता शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतली. सुरुवातीचा दर एकरी वर्षाला 21,000 रुपये. ज्याच्या नावावर जमीन, त्याच्या घरी पैसा आला. पण दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या भूमिहीनाचा रोजगार शेतीबरोबर आटला आणि पॅनेल धुण्याची, गवत काढण्याची, पहाऱ्याची कामे सगळ्यांना पुरली नाहीत. मेगावॉटमागे माणसे जास्त लागतात ती गच्च्यांवर. भाची परतली तेव्हा मोठ्या पार्कमधल्या नोकरीचे तिचे आकर्षण ओसरले होते.

परवा आमच्या गल्लीतला आयटीआयचा एक मुलगा तिला विचारत होता, या धंद्यात शिरू का? तिने त्याला 2015 पासून चालत आलेल्या 'सूर्यमित्र' प्रशिक्षणाविषयी सांगितले. वायरमन, फिटर, इलेक्ट्रिशियन अशा मुलांसाठीच ते आहे. मग म्हणाली, "नोकरी घेताना कंपनी किती मेगावॉट लावते ते विचारूच नकोस. पाच वर्षांनी पॅनेल बंद पडलं तर कोण येणार, हे विचार. तिथं माणसाचं नाव सांगितलं तर खुशाल रुजू हो."

ताईच्या प्रश्नाचे उत्तर मला त्यात मिळाले. शिकवले ते एवढ्यासाठी, की पाच वर्षांनी फोन वाजला तर तो उचलून शिडी कुठे लावायची हे ठाऊक असलेले कुणीतरी हवे.