पहिल्यापासून

‘पाय पहिल्यापासून असाच आहे का, आजी?’ तरुण डॉक्टरांनी विचारले. ‘हो, पहिल्यापासूनच,’ आई म्हणाली. केसपेपरवर ‘जन्मजात’ अशी नोंद झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातला क्यू ६६ हा संकेतांक तिच्या उजव्या, बाहेर कललेल्या घोट्याला चिकटला आणि विम्याचा दावा त्या एका शब्दापाशी अडला.

आईच्या बोलण्यात ‘पहिल्यापासून’ म्हणजे १९८६ पासून. त्या वर्षी ती विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरली, हाडवैद्याने पाय बांधून दिला आणि पंधरा दिवसांत ती पुन्हा चुलीपुढे उभी राहिली.

दुसऱ्या अस्थितज्ज्ञांनी आधी तिला उभे केले. टाच मागून पाहिली, एकेका पायावर चवडा टेकून टाच उचलायला सांगितली, पायावर भार असतानाच एक्स-रे काढला. नडगीबाजूचे बारीक हाड आखूड होऊन सांधले होते. घोटा त्या अंगाला झुकला होता. मग त्यांनी विचारले, ‘लग्नात पाय कसा होता, आजी?’

‘तेव्हा सरळ होता की!’

नव्या कागदावर बाजू, कारण, वर्ष आले आणि संकेतांक झाला एम २१.०, म्हणजे हातापायांच्या अर्जित विकृतींपैकी एक.

आम्हा प्राध्यापकांना ‘अर्जित’ हा शब्द भेटतो तो बहुधा रजेच्या अर्जात. विकृतीला तो लावलेला पाहून मी थबकलो. आईला अर्थ सांगताना तर अडखळलोच.

‘म्हणजे कमावलेला ना?’ ती म्हणाली. ‘मग बरोबर लिहिलंय त्यांनी.’