पर्वतीपासून सिंहगडापर्यंत

पुण्यास राहणाऱ्या माणसास पर्वतीचें कौतुक नसतें. रोज दिसणाऱ्या वस्तूचें तें कोणास असतें? आमच्या गच्चीवरून देवदेवेश्वराचें शिखर स्पष्ट दिसतें. पण सेवानिवृत्त होऊन चार वर्षें झालीं तरी त्या टेकडीवर मी दोन-तीन वेळांच काय तो गेलों असेन. गेल्या वर्षीं मार्गशीर्षांत तपासणी केली तों माझ्या रक्तांत साखर निघाली. थोरले बंधु दादा यांचा रक्तदाब तर पूर्वींपासूनच चढता. तेव्हां घरांतील सहा-सात माणसांनीं रोज सकाळीं मिळून चालावें असा मीं बेत केला, आणि वाटाड्याचें पद अर्थातच स्वतःकडे घेतलें. पस्तीस वर्षें मुलांच्या रांगा लावण्यांत गेलेल्या शिक्षकास दुसरें काय सुचणार?

पहिल्याच रविवारीं मंडळी थेट पर्वतीवर नेली. नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ मध्यें हें देवालय उभारलें आणि पानिपताचें दुःख उरीं घेऊन १७६१ मध्यें याच टेकडीवर देह ठेवला, इत्यादि इतिहास सांगत मी पुढें चाललों होतों. पायऱ्या १०३, रुंद आणि ठेंगण्या, म्हणून चढ सोपा वाटतो. तसा तो नाहीं. साठाव्या पायरीच्या सुमारास मागून वहिनींची हांक आली. पाहतों तों दादा कठड्यास टेकून बसलेले, चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. "बापू, तूं पुढें चाल, मी येतों," एवढेंच ते म्हणाले. लहानपणीं माझा हात धरून याच पायऱ्या मला चढविणारा हा माणूस. आणि मीं एकदांही मागें वळून पाहिलें नव्हतें.

हृदयाचा झटका नव्हे असें डॉक्टरांनीं सांगितलें तेव्हां जिवांत जीव आला. तीन महिने चढ बंद. सपाटीवर मात्र चालत राहा, असा त्यांचा आदेश. किती वेगानें, असें विचारलें तेव्हां म्हणाले, "चालतां चालतां बोलतां आलें पाहिजे, पण गातां येऊं नये. असें चालणें आठवड्यांत निदान १५० मिनिटें व्हावें." मी खजील झालों. व्यायाम अर्ध्या बळानेंच करावा असें सुश्रुतांनीं सांगितलें आहे, आणि श्वास तोंडावाटे येऊं लागणें हें अर्धें बळ खर्च झाल्याचें लक्षण म्हणून दिलें आहे. हें मीं कित्येक विद्यार्थ्यांना समजावून सांगितलें होतें! पर्वतीवर मात्र तें आठवलें नाहीं.

मग व्यवस्था उलटी केली. सर्वांत मंद चालणारा तो पुढें, वाटाड्या शेवटीं. दादांच्या पुढें कोणी जावयाचें नाहीं, नातवानें सुद्धां नाहीं. पर्वतीच्या पायथ्याच्या सारसबागेंत वीस मिनिटांपासून आरंभ केला. पुढें तळजाईच्या रानांतील मातीच्या वाटेवर, जेथें अधूनमधून मोराचा केकारव ऐकूं येतो, चाळीस मिनिटांपर्यंत मजल गेली. एक अडचण निराळीच निघाली. सकाळच्या चहामुळें वहिनी व सूनबाई घरींच अडकून पडत. तेव्हां परत आल्यावर चहा पुरुषांनीं करावयाचा असें ठरलें. माझा चहा कोणास आवडत नाहीं. पण वहिनी एक दिवसही चुकल्या नाहींत, आणि सर्वांपेक्षां त्यांचाच दम अधिक वाढला, हें येथें नमूद करून ठेवितों.

फाल्गुनांत पुन्हां पर्वती चढलों, दर वीस पायऱ्यांस थांबत. माथ्यावरून नैर्ऋत्येस सिंहगड दिसतो. दादा बराच वेळ तिकडे पाहत राहिले. बोलले कांहीं नाहींत.

पावसाळा संपल्यावर कार्तिकांत, डॉक्टरांच्या संमतीनें, आम्ही अंधारांतच आतकरवाडीस पोंचलों. गड समुद्रसपाटीपासून सुमारें ४,३०० फूट. पायथ्यापासूनची चढण दोन हजार फुटांच्या आसपास. तरुण मंडळी ती तास-सव्वा तासांत चढून जाते. आम्हांस तीन तास लागले. सांवली दिसली कीं बसावें, पाण्याचे दोन घोट घ्यावे, वाटेवरील बाईंकडून ताक घ्यावें, असा आमचा प्रवास. शेवटच्या टप्प्यावर वाट खडकाळ होते. तेथें दादा काठी टेकून दर दहा पावलांस थांबत होते. १६७० सालच्या लढाईचा इतिहास सांगण्याची मला सारखी उबळ येत होती. ती मीं गिळली. पुणे दरवाजाच्या कमानीखालीं दादा आपण होऊन थांबले, घाम पुसला आणि म्हणाले, "बापू, आतां सांग तुझा तानाजी. पण बसून."

पिठलें-भाकरी झाली, मडक्यांतलें दहीं झालें. उतरतांना गुडघ्यांवर भार अधिक पडतो, आणि गडावर मोटार येते. म्हणून दादांस मोटारीनें खालीं पाठविलें. वहिनींनाही तसेंच सुचविलें. त्यांनीं पदर खोंचला, दादांची काठी मागून घेतली, आणि त्या आमच्यापुढें उतरूं लागल्या.