पत्रातलं दुसरं वाक्य

परदेशी पीएचडीला जाऊ पाहणाऱ्या मुलांची प्राध्यापकांना लिहिलेली पत्रं तपासणं हे माझं रोजचं काम. संबोधन, विषयाची ओळ, सोबतचा सीव्ही यांबद्दल इथे लिहीत नाही. ते कुणालाही दहा मिनिटांत जमतं. घोडं अडतं ते दुसऱ्या वाक्यापाशी. पहिल्यात विद्यार्थी आपण कोण ते सांगतो. दुसऱ्यात या प्राध्यापकांनाच का लिहितोय ते सांगायचं असतं, आणि तिथे हमखास येतं, ‘तुमचं संशोधन वाचून भारावून गेलो.’ पुढे शोधनिबंधाचं शीर्षक. ते संकेतस्थळावरून उचललेलं, त्यामुळे बाकीचं पत्र काळ्या अक्षरांत आणि शीर्षक तेवढं करड्या रंगात, किंचित मोठ्या टायपात. वाचणाऱ्याला त्यावरूनच सगळं कळतं.

आडनाव बदलून तेच पत्र दुसऱ्या प्राध्यापकांना चालत असेल, तर ते दारात टाकलेलं हँडबिल आहे. वर कितीही वेळा ‘आदरणीय’ लिहा. उपग्रहाच्या रडारवरून मातीतला ओलावा मोजणाऱ्या प्राध्यापकांना ‘दाट पिकाखाली ही पद्धत कमी पडते असं तुम्ही लिहिलंय, मग उसाच्या फडात काय करावं लागेल?’ असं विचारलं, तर ते वाक्य दुसऱ्या कुणाला पाठवताच येत नाही. असं वाक्य विद्यार्थ्याकडून काढून घेण्यात माझा हातखंडा आहे असं मी मानतो, आणि त्याचा मला गर्वही आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि या कामाचा रोखच बदलला. पूर्वी मोडक्या इंग्रजीआड चांगला विचार दडलेला असे, तो उकरून काढायचा. आता निर्दोष इंग्रजीखाली काहीच नसतं. तयार नमुने विकणारे सल्लागार नेमकं हेच विकतात आणि पालक त्याचे पैसे मोजतात, याची मला चीड येते.

असं वाक्य सुचायला शोधनिबंध वाचावे लागतात, आणि तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलाला ते मिळणार कुठून, असं लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण भौतिकशास्त्र, गणित, संगणकशास्त्रातले असंख्य निबंध ‘आर्काइव्ह’ (arXiv) या संकेतस्थळावर फुकट आहेत, ते १९९१ पासून चालू आहे. अनेक प्राध्यापक आपले निबंध स्वतःच्या पानावरही ठेवतात. सगळं कळायची गरज नाही. निबंधाच्या शेवटी लेखकानेच मान्य केलेल्या मर्यादा नीट वाचल्या तरी प्रश्न सापडतो. दुसरा आक्षेप असा, की इतकं करूनही उत्तर येत नाही. ते खरं आहे, पण त्याचं कारण बहुधा व्यवस्थेत असतं. जर्मनीत स्वतंत्रपणे डॉक्टरेट करायची तर आधी मार्गदर्शक मिळवावा लागतो, म्हणून तिथे पत्र हाच दरवाजा. अमेरिकेत जीवशास्त्राच्या पुष्कळ विभागांत प्रवेश समिती देते आणि पहिल्या वर्षी विद्यार्थी दोन-तीन प्रयोगशाळांत फिरून मग मार्गदर्शक ठरवतो. तिथल्या प्राध्यापकांच्या हाती द्यायला जागाच नसते, तर ते काय लिहिणार? दोन आठवड्यांनी एकदा आठवण करून द्यावी, नंतर थांबावं. मौनाला अपमान समजू नये.

म्हणून विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे: आधी त्या विभागाचे प्रवेशाचे नियम वाचा. जिथे समिती निवडते तिथे दुसरं वाक्य सापडलं नाही, तर पत्र पाठवूच नका. अर्ज मात्र जरूर करा.